धुक्याचा टाका
गेल्या पावसाळ्यात भोरहून महाडकडे उतरताना वरंध घाटात वाघजाईच्या देवळापाशी थांबले. हातात गरम भजी, खाली शिवथरचं खोरं आणि फोटोत निव्वळ धुकं!

घरी येऊन तेच खोरं कापडावर भरायला घेतलं. भरतकामाचा दोरा सहा पदरी. लांबच्या डोंगराला त्यातला एकच पदर, राखाडी-निळा. जवळच्या कारवीला तीन, जांभळ्या गाठीच्या टाक्यांत. रानात ती साधारण सात वर्षांनी फुलते, माझी तीन दिवसांत फुलली! भातखाचरांना मात्र आजीच्या गोधडीतला साधा धावदोरा.

धुक्याला कुठला टाका घालावा, इथे अडले. शेवटी तेवढं कापड कोरंच ठेवलं. त्याच खोऱ्यातल्या शिवथरघळीचा धबधबा अजून व्हायचाय. पांढरा दोरा सुईत ओवून ठेवलाय.