विषहारी खडा

तुळजापुराच्या वाटेवर यात्रेकरूंस मुळ्या, भस्मे व खडे विकणारा कोणी भेटला, की त्यास ठक म्हणून आपण मोकळे होतो. पण त्या औषधावर त्याचा स्वतःचाच भरवसा असला तर?

किमयागारांच्या त्या सतराव्या शतकात गोव्यातील जेझुइट बंधू गास्पार आंतोनियो हा कस्तुरी, अंबर, रत्नांची पूड व जनावरांच्या पोटातील बेझोआर नावाचा खडा एकत्र मळून गोळे करी आणि त्यांवर सोन्याचा वर्ख चढवी. गोळा खरवडून पाण्यातून घेतला की विष उतरते अशी ख्याती होती. मोल सोन्याहून अधिक. तो लबाड होता असे आम्हांस वाटत नाही.

परंतु मनाची शुद्धता रोग्याच्या पोटात उतरत नाही. औषध देणाऱ्याने, ‘हे कोणी पारखले काय?’ एवढे तरी विचारावयास नको काय? बेझोआरची पारख सोळाव्या शतकातच फ्रान्सात झाली होती. चांदीची ताटे चोरल्याबद्दल फाशी ठरलेल्या एका स्वयंपाक्याने, जगल्यास सुटका या बोलीवर, विष व त्यावर हा खडा घेतला. (अशी परीक्षा आम्हांस क्रूरच वाटते.) आंब्रुआझ पारे या शस्त्रवैद्याच्या देखत तो सात तास तळमळून मेला. नवव्या चार्ल्स राजाने खडा अग्नीत टाकविला. गोव्याचे गोळे मात्र अठराव्या शतकातही विकले जात होते.