मातीतील कोळी आणि आपला प्रमाद

पुण्यातील एका उपदेशी बाईंनी विचारलेली शंका वरकरणी क्षुल्लक आहे. त्यांच्या सदनिकेत मांजर आहे. त्याच्या मलमूत्रविसर्जनासाठी मातीची पेटी ठेवलेली असते. तिला ‘लिटर बॉक्स’ म्हणतात. आठवड्यातून एकदा त्या सगळी माती पिशवीत ओतून, गाठ मारून कचऱ्यात देतात. एके दिवशी ओतलेल्या मातीतून एक कोळी पिशवीच्या काठाकडे चढताना दिसला, आणि तेवढ्यात गाठ बसली. ‘‘मी त्याला मारले नाही, मारण्याचा संकल्पही नव्हता, मग मला दोष लागतो काय?’’ अशी त्यांची पृच्छा.

कोळी तेथे येतो कशाला, हे आधी पाहिले पाहिजे. मातीत वा मळात त्याचे भक्ष्य नाही. पेटी बहुधा न्हाणीघरापाशी, काळोख्या कोपऱ्यात असते. ओल व दुर्गंध यांमुळे माश्या-चिलटे जमतात, आणि त्यांच्या मागावर कोळी येतो. अस्वच्छता त्याची नव्हे, आपली. घरातले बहुतेक कोळी माणसास वा मांजरास अपाय करीत नाहीत. उलट कीटक मारण्यासाठी वापरतात त्यांपैकी परमेथ्रिनसारखे औषध मांजराच्याच जिवावर बेतते.

पूर्वी या पेटीत राख किंवा वाळू घालीत. अमेरिकेतील मिशिगन राज्यात एडवर्ड लो यांनी १९४७ साली राखेऐवजी शोषक माती दिली, तेव्हापासून मातीचा प्रघात वाढला. राख परसात टाकली की तिच्यातला जीव आपल्या वाटेने जाई. पिशवीच्या गाठीने ती वाट बुजविली.

न दिसलेल्या कोळ्याचा दोष बाईंच्या माथी मारणे आम्हास पटत नाही. परंतु हा कोळी दिसला होता. आम्ही विचारले, ‘‘मग आपण गाठ सोडली काय?’’ त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. म्हणाल्या, ‘‘बाबा, घाई होती.’’

संकल्प नव्हता हे खरे. पण दिसल्यानंतरची घाई अजाणतेपणात कशी मोडेल? तिला प्रमादच म्हणावे लागते. तेथे बसलेल्या एका तरुण वासनिकाने आक्षेप घेतला, की पारध्यांच्या भयाने श्रीचक्रधरस्वामींच्या आश्रयास आलेला ससा शरण आला होता; कोळी कोठे शरण आला? शिवाय तो स्वतःच हिंसक. कोळ्याच्या हिंसेचा हिशेब कोळ्याकडे (आणि मांजराचा मांजराकडे, तो विषय निराळाच आहे). राहिली शरणागती. जीव वाचविण्यासाठी पिशवीच्या काठाकडे चढणे आणि शरण येणे यांत भेद कोणता, तो आम्हास दाखविता आला नाही. त्या तरुणासही नाही.

आता बाई मळ रोज काढतात. माश्याही कमी झाल्या आहेत. माती ओतण्यापूर्वी पेटीच्या कडेवर दोनदा हात मारून त्या क्षणभर थांबतात. मागील महिन्यात एक कोळी निघाला. जुन्या वर्तमानपत्रावर घेऊन त्यांनी तो जिन्यातील कुंडीपाशी सोडला. मांजर मागे येऊ नये म्हणून दार मात्र लोटून घ्यावे लागले.