'मिसेस डॅलोवे' आणि प्रमाणाचा प्रश्न

व्हर्जिनिया वुल्फ यांची 'मिसेस डॅलोवे' ही कादंबरी १९२५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील सारे कथानक जून १९२३ मधील एका दिवसात, लंडन शहरी घडते. पन्नाशी ओलांडलेली क्लॅरिसा डॅलोवे सकाळी फुले आणावयास निघते, रात्री तिच्या घरी मेजवानी होते. आणि त्याच दिवशी सेप्टिमस वॉरन स्मिथ हा युद्धावरून परतलेला तरुण खिडकीतून उडी टाकून प्राण देतो. दोघांची भेट कधीच होत नाही. या कृतीची चर्चा बहुधा संज्ञाप्रवाहाच्या तंत्राच्या अंगाने होते. आम्हांस मात्र तिच्यातील नैतिक प्रश्न अधिक मोलाचा वाटतो : शहाणा कोण, हे कोणी ठरवावे आणि कशावरून?

सेप्टिमस हा आपणहून, अगदी आरंभीच सैन्यात भरती झालेल्यांपैकी. युद्धात त्याला बढती मिळाली. तहाच्या तोंडावर इटलीत त्याचा अधिकारी आणि जिवलग मित्र एव्हान्स मारला गेला, तेव्हा आपल्याला फारसे दुःख झाले नाही याचे त्याला कौतुकच वाटले. मर्दपणाची ही शिकवण युद्धाचीच. शांतता झाली आणि तीच बधिरता त्याला भिववू लागली. त्या भयापोटीच त्याने मिलानच्या लुक्रेझियाशी लग्न केले. तरी पुढे मेलेला एव्हान्स त्याला रीजेंट्स पार्कात दिसू लागतो. आकाशात जाहिरातीची अक्षरे काढणारे विमान लोकांना करमणूक वाटते, त्याला मात्र तो आपल्यासाठी धाडलेला संकेत वाटतो.

मेख अशी की, भोवतालचा प्रतिष्ठित समाज काही कमी बधिर नाही. लेडी बेक्सबरोंनी, लाडका जॉन युद्धात पडल्याची तार हाती असताना, धर्मादाय बाजाराचे उद्घाटन केले असे लोक सांगतात, आणि क्लॅरिसाला त्यांच्याविषयी सर्वाधिक आदर आहे. तेथे त्याला धैर्य म्हणतात. सेप्टिमसच्या ठायी तो रोग ठरतो.

हा निवाडा देणारे सर विल्यम ब्रॅडशॉ प्रत्येक रोग्याला पाऊण तास देतात, निदान मात्र दोन-तीन मिनिटांत करतात. वेड हा शब्द ते उच्चारीत नाहीत. प्रमाणाची जाणीव सुटली, असे म्हणतात. उपाय एकच : आप्त नकोत, पुस्तके नकोत, एकांतात विश्रांती. आपल्याकडील वाचकास येथे स्थितप्रज्ञाचे समत्व आठवेल, पण ते साम्य वरवरचे आहे. स्थितप्रज्ञ स्वतःचे मन आवरतो. सर विल्यम दुसऱ्याचे आवरतात, आणि त्याबद्दल फीही घेतात!

आम्ही उभी हयात सरकारी नोकरीत घालविली, म्हणून असेल कदाचित, पण मेजवानीतील एक तपशील आम्हांस सर्वांत बोचतो. हेच सर विल्यम खासदार रिचर्ड डॅलोवे यांच्याशी त्या तरुणाविषयी हलक्या आवाजात बोलतात. युद्धाच्या धक्क्याचे परिणाम उशिरा प्रकट होतात, तेव्हा विधेयकात त्यासाठी तरतूद हवी, असे ते बोलणे. तरतूद योग्यच होती. ब्रिटिश सरकारने या व्याधीच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचा अहवाल प्रत्यक्षात १९२२ सालीच आला होता. पण ज्यांच्या तावडीतून सुटण्यासाठी माणसाने जीव दिला, त्यांच्याच हातून तो काही तासांत एक उदाहरण होतो. हिंदुस्थानात जिल्ह्याचा कारभार पाहून परतलेला पीटर वॉल्श रुग्णवाहिकेची घंटा ऐकतो आणि हा सुधारणेचा विजय म्हणून सुखावतो. आत कोण असावे, हे वाचकाला ठाऊक असते. या दोघांपैकी कोणीही दुष्ट नाही, आणि म्हणूनच प्रश्न अवघड होतो.

ती वार्ता ऐकताच आपल्या मेजवानीत मृत्यू आला म्हणून क्लॅरिसा प्रथम चिडते. मग ती एकटीच आतल्या खोलीत जाते. कोणी न सांगता ते कोसळणे, ते कुंपणाचे गंजके गज ती स्वतःच्या देहावर अनुभवते. सर विल्यम यांच्यापुढे जगणे असह्य झाले असेल, हेही तिला उमगते. सुखवस्तू बाईने परक्याच्या मरणावर स्वतःचे मन ताजे करून घेतले, हा आक्षेप निराधार नव्हे. ती लगेच पाहुण्यांत परतते. तथापि साऱ्या लंडनमध्ये त्या रात्री त्याला मोजमाप न लावणारी ती एकटीच होती, हे नाकारता येत नाही.

लुक्रेझियाचे काय? नवऱ्याने उडी टाकली तेव्हा डॉक्टर होम्स त्याला भेकड म्हणाले आणि तिला झोपेचे औषध पाजले. सहाचे ठोके ऐकत ती गुंगीत जाते. त्यानंतर कादंबरी तिच्याकडे वळत नाही.