एक ओंजळ जास्तीची



आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय ११, श्लोक ५५.

याच अध्यायाच्या ३३व्या श्लोकात देव अर्जुनाला सांगतात, ऊठ, लढ, तू फक्त निमित्त हो. आणि अध्याय संपवताना भक्ताची खूण सांगतात ती 'निर्वैर', म्हणजे कोणत्याच जीवाशी वैर नसलेला. मला हे नेहमी अडायचं. ज्याच्यावर शस्त्र उचलायचं त्याच्याशी वैर नाही, हे जमतं तरी कुणाला?

उत्तर घरातच होतं. कळायला फार वर्षं लागली.

माझे आबा १९७१ च्या युद्धात पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीत, म्हणजे जंगी पलटणीत, शिपाई होते. वय एकवीस. पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला ३१ बलुच ही पाकिस्तानी पलटण वेढ्यात सापडली होती. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी 'शरण या' असं पत्र पाठवलं. उलट पत्र आलं, त्यात बंदुकीची गोळी गुंडाळलेली. १० डिसेंबरच्या रात्री ते वेढा फोडायला बाहेर पडले आणि मराठ्यांनी अडवलेल्या रस्त्यावरच येऊन धडकले. दुसऱ्या दिवशी जमालपूर पडलं.

एवढं आबा कुणालाही सांगायचे, अगदी रंगवून. पण सर्वपित्रीला एक गोष्ट ते न बोलता करायचे. आजोबा-आजीच्या नावाने पाणी सोडून झालं की आणखी एक ओंजळ सोडायचे. नाव न घेता.

कॉलेजात असताना एकदा मी विचारलं, "आबा, ही कुणाची?"

बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्या रात्री आमच्या मोर्च्यापुढं एकजण पडला होता. पाणी मागत होता. पाणी म्हटलेलं सगळ्यांनाच कळतं गं. माझ्याजवळ बाटली भरलेली होती. पण गोळीबार चालू होता, मोर्चा सोडायचा नव्हता. उजाडायच्या आधीच आवाज थांबला."

मी तेव्हा नवीनच गीतेच्या वर्गाला जात होते. दुसरा अध्याय पाठ. लगेच म्हणाले, "आबा, आत्मा मरत नाही. तुम्ही तुमचं कर्तव्य केलंत."

"आत्म्याला तहान लागत नसंल, पोरी. त्या पोराला लागली होती."

मंडळी, त्या दिवशी मी गीता आबांना ऐकवली नव्हती, त्यांचं बोलणं थांबवायला वापरली होती. आत्म्याचा उपदेश अर्जुनाला युद्धाआधी झाला, हातपाय गळाले होते तेव्हा, उभं राहण्यासाठी. लढून परत आलेल्याला गप्प करण्यासाठी नाही.

आणि महाभारत गीतेपाशी थांबत नाही. पुढे स्त्रीपर्व आहे. तिथे युधिष्ठिर दोन्ही बाजूंच्या मेलेल्यांना अग्नी देववतो, ज्यांचं कुणीच नाही त्यांनाही. मग गंगेवर सगळ्यांच्या नावाने पाणी सोडलं जातं. शांतिपर्वात जिंकलेला हा राजा शोकाने खचलेला दिसतो. 'धर्मयुद्ध होतं ना, मग रडतोस कशाला?' एवढ्यावर व्यासांनी विषय मिटवला नाही.

नंतर एकदा मी विचारलं, "आबा, मग तुमचं चुकलं असं वाटतं का?"

"नाही. तीच रात्र परत आली तरी मी मोर्चा सोडणार नाही. शेजारी आपली पोरं होती. पण म्हणून त्याची हाक खोटी होत नाही."

मला वाटतं, निर्वैर म्हणजे हेच. कर्तव्य बरोबर होतं म्हणून समोरच्याचं दुःख नाहीसं होत नाही. दोन्ही खरं धरून ठेवायचं. एक दुसऱ्याने पुसायचं नाही.

आपल्यापैकी बहुतेकांना रणांगण बघावं लागणार नाही. पण कुणाला कामावरून कमी करावं लागतं, कुणाशी नातं तोडावं लागतं, सख्ख्या भावाविरुद्ध कोर्टात उभं राहावं लागतं. निर्णय योग्यही असतो. मग आपण समोरच्याला वाईट ठरवून टाकतो, कारण त्याने झोप बरी लागते.

आज तसं एक माणूस आठवू या. निर्णय बदलायचा नाही. फक्त त्याच्यासाठी मनातल्या मनात एक ओंजळ सोडू या.

आबा आता थकलेत, हात थरथरतात. गेल्या सर्वपित्रीला तांब्या मी धरला होता. जास्तीची ओंजळ आम्ही दोघांनी मिळून सोडली.

राम कृष्ण हरी.