हिरवा बाण

आमच्या फॅमिली ग्रुपवर एक ग्राफिक आलं : कोल्हापुरात मुलींचं प्रमाण वाढलं. डावीकडे 2001 चा आकडा, 839. उजवीकडे ताजा, बराच मोठा आकडा. मध्ये वर जाणारा हिरवा बाण. सगळ्यांनी अंगठा दिला, मीही दिला. मग राहवेना.

839 हा जनगणनेतला आकडा. दर हजार मुलग्यांमागे शून्य ते सहा वयाच्या मुली. म्हणजे साधारण 1994 ते 2001 मध्ये जन्मलेल्या आणि गणनेपर्यंत जगलेल्या. उजवीकडचा आकडा एका वर्षाच्या जन्मनोंदणीचा होता. जन्मल्यावर आबाळ होऊन गेलेली मुलगीही त्यात मोजलेलीच असते. शिवाय आपल्याकडे जन्म नोंदवतात तो बाळंतपण झालं तिथं, आईच्या गावी नाही. कोल्हापूरच्या दवाखान्यांत कोकणातून, बेळगाव भागातून बायका येतात. त्यांची बाळं इथल्या आकड्यात जातात.

कोड लिहिणाऱ्याला हा बग ओळखीचा आहे. कॉलमचं नाव तेच राहतं, मधल्या एखाद्या रिलीजमध्ये अर्थ बदलतो. एरर येत नाही, डॅशबोर्ड छान दिसत राहतो.

जनगणनेशी जनगणना लावली तर जिल्ह्याचे आकडे असे : 1991 ला 931, 2001 ला 839, 2011 ला 863. घसरण 92 ची, भरपाई 24 ची. 2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे पुढची जागा रिकामी आहे. ती भरायचा मोह इथूनच होतो.

हे ग्रुपवर टाकलं. मामा म्हणाले, "चांगल्या बातमीत कशाला खोट काढतोस? लोकांना हुरूप येतोय की."

मामांचा मुद्दा हलका नाही. 2010 च्या सुमारास लक्ष्मीकांत देशमुख इथं कलेक्टर असताना सोनोग्राफी मशीनना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' जोडले गेले. त्यामागे आकड्यांनी लावलेला चटकाच होता. पण 931 आणि 839 ही तुलना सरळ होती. लाज वाटायला जो पुरावा लागला, तोच अभिमान वाटायलाही लागायला हवा ना? ग्राफिकमधले दोन्ही आकडे खरे होते. खोटा होता तो बाण. आणि बाण वर गेला की सोनोग्राफी सेंटरवरची नजर ढिली पडते. त्याची किंमत मोजणारी मुलगी कुठल्याच रजिस्टरात येत नाही.

मी मामांना विचारलं, 2001 ची जन्मनोंदणी मिळेल का? नोंदणीशी नोंदणी लावून बघू. त्यांनी बऱ्याच वेळानं लिहिलं, "बघतो. पण तेव्हा घरात झालेली बाळंतपणं सगळी नोंदवत होते का, हे आधी विचारावं लागेल."