बंद कोठी

प्रमाणात केलेले खोटे हे खोटे ठरते काय? गासमध्ये आमच्या शेजारच्या एका तरुणाने 'एनोला गे' या बाँबफेक्या विमानाची प्रतिकृती केली आहे. १४१ फूट पंखविस्ताराचे ते धूड ७२ पटींनी लहान होऊन जेमतेम दोन फुटांत मावले आहे. शेपटीवरील वर्तुळातले 'आर' हे अक्षरही चुकलेले नाही. जुळणीनंतर कोणास न दिसणारी बाँबकोठीही त्याने आतून रंगविली. इतकी सत्यनिष्ठा विद्वत्सभांतही क्वचितच आढळते!

पण ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला तो याच विमानातून. संहारयंत्राचे खेळणे करणे हेच पाप, असे मी म्हणणार नाही. दिवाळीत आपली मुले किल्ले करतातच, आणि १७३९ साली वसईच्या तटाखाली माणसे थोडी का पडली? मला खुपते ते निराळेच. पंख लहान करता येतात. भाजलेले शहर कोणत्या प्रमाणात करावयाचे? मूळ विमानाचीही तीच कथा. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने १९९५ मध्ये त्याचा सांगाडा मांडला, तेव्हा बळींच्या वस्तू शेजारी ठेवण्याचा बेत विरोधापायी सोडून द्यावा लागला.

"कोठीत काय ठेवलेस?" मी विचारले.

"काही नाही, सर. दारे चिकटवूनच टाकली."