पणाला न लावण्याच्या गोष्टी

महाभारतातला द्यूताचा प्रसंग आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतो, पण त्यातल्या पणांचा क्रम फार थोड्यांच्या लक्षात राहतो. युधिष्ठिर आधी रत्नं लावतो, मग सोनं, रथ, दासदासी, हत्ती, घोडे. शेवटी नकुल, सहदेव, अर्जुन, भीम, मग तो स्वतः आणि सर्वांत शेवटी द्रौपदी. या दोन टप्प्यांच्या मध्ये आणखी एक पण आहे. त्यावर थांबलेले कीर्तनकार मी तरी ऐकले नाहीत. भाऊ लावण्याआधी युधिष्ठिर आपलं नगर, आपला जनपद, आपली भूमी आणि ब्राह्मण वगळून तिथली माणसं पणाला लावतो. हे माझं उरलेलं धन आहे, असं सांगून लावतो. फासे पडतात आणि इंद्रप्रस्थाची सगळी रयत हरली जाते. आपण कुणाचे होतो आणि आता कुणाचे झालो, हे त्या रयतेला कुणी विचारलेलं नाही आणि सांगितलेलंही नाही.

मी कराडच्या बाजूला एका शाळेत मराठी शिकवलं. मास्तरीण म्हणून निवडणुकीची ड्युटी वाट्याला यायचीच. पहाटे मॉक पोल घेऊन, यंत्र पुन्हा शून्यावर आणून, सील लावून मतदान सुरू करायचं आणि मग दिवसभर माणसं बघायची. रांगेत मुद्दे ऐकू येतात. उसाचा दर, पोराची नोकरी, गॅसचा भाव, सीमेवरचा तणाव, आरक्षण, देऊळ, आपला माणूस. सगळे खरे आहेत. यातला सगळ्यांत मोठा कोणता, हा प्रश्न गावातली मंडळी आजही मला विचारतात, कारण मास्तरणीला सगळं ठाऊक असतं असा त्यांचा समज आहे. माझं उत्तर त्या द्यूतसभेतून आलेलं आहे. मुद्द्यांची उतरंड लावण्याआधी एक विभागणी करावी: कोणत्या गोष्टी नेत्याने चालवायच्या आहेत, आणि कोणत्या गोष्टी त्याच्या नाहीतच, म्हणून त्या पणाला लावायचा त्याला अधिकार नाही. दुसरा मुद्दा आधी. बाकीचे सगळे त्यानंतर.

यावर पहिलं म्हणणं असं येतं की, माणूस चांगला बघावा, निर्मळ बघावा. चांगला माणूस असलं काही करणारच नाही. पण हा पण लावणारा कोण होता? धर्मराज. खोटं न बोलणारा, लोभी नसलेला, थोरांचा मान राखणारा. त्याच्या शीलाबद्दल शत्रूलाही शंका नव्हती, आणि नेमक्या त्याच माणसाने प्रजा आणि पत्नी आपली मालमत्ता समजून फेकली. व्यासांनी हे काम एखाद्या खलपुरुषाकडून करवून घेतलं असतं तर आपण सुटलो असतो. त्यांनी तसं केलं नाही. शील हवंच, पण सज्जन माणसालाही ‘हे तुझं नाही’ असं सांगणारी मर्यादा लागते, हे त्यांनी आपल्यासमोर ठेवलं.

दुसरं म्हणणं, काम करणारा बघावा. पाणी आणतो का, रस्ते करतो का, पीक पिकवतो का? याचंही उत्तर आपल्या परंपरेत आहे. भारवीच्या ‘किरातार्जुनीय’ या संस्कृत महाकाव्याच्या पहिल्याच सर्गात युधिष्ठिराचा हेर हस्तिनापुराहून बातमी आणतो, आणि ती अशी की दुर्योधन उत्तम राज्य करतो आहे. कुरुदेश आता पावसाच्या भरवशावर राहिलेला नाही, शेतकऱ्याला पीक सहज मिळतं, सेवक संतुष्ट आहेत. कपटाने मिळवलेलं राज्य आता चांगल्या कारभाराने पक्कं करायचं आहे. माण, खटाव तालुक्यांसाठी पाणी मागत आयुष्य काढलेल्या जिल्ह्यात राहून मी सिंचनाला कमी लेखणार नाही. पण ज्या सभेत त्याच्या आज्ञेवरून एका बाईला केसाला धरून ओढत आणलं, ती सभा काही कालव्यांनी धुऊन निघत नाही.

मग उरतो द्रौपदीचा प्रश्न. दुर्योधनाने पाठवलेला दूत प्रतिकामी तिला सभेत बोलवायला गेला तेव्हा तिने त्याला परत पाठवलं आणि विचारायला लावलं, की तुम्ही आधी स्वतःला हरलात की मला? इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये तिला यासाठी बोल लावला आहे. एवढी भयंकर वेळ आलेली असताना तिने कायद्याचा काथ्याकूट करायला नको होता, असं त्यांचं मत. इरावतीबाईंविषयी मला अपार आदर आहे, तरी इथे मी त्यांच्याबरोबर नाही. दयेची याचना केली असती तर कदाचित दया मिळाली असती, पण अधिकार पणाला लावणाऱ्याकडेच राहिला असता. द्रौपदीने त्या अधिकारालाच हात घातला. जो स्वतःचाही उरला नाही, तो दुसऱ्याला कसा लावेल? भीष्म म्हणाले, धर्म सूक्ष्म आहे. द्रोण गप्प राहिले. विदुराने आणि कौरवांपैकी विकर्णाने तोंड उघडलं. बाकी सभा खाली मान घालून बसली.

आपल्या प्रजासत्ताकाने हा प्रश्न कागदावर सोडवायचा प्रयत्न केला. मूलभूत हक्क म्हणजे बहुमताच्या राजालाही जे लावता येत नाही त्याची यादी. ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी, हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची वाट देणाऱ्या अनुच्छेदाला संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटलं, ते याच कारणाने. ही यादी पुरेशी पक्की नव्हती हे पुढे दिसलं. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी आली. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी निकाल दिला, की आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धही न्यायालयात दाद मागता येणार नाही. न्या. एच. आर. खन्ना एकटे वेगळे राहिले. १९७७ साली लोकांनी मतपेटीतून उत्तर दिलं, आणि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ठरवलं, की जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही निलंबित करता येणार नाही. ‘हे पुन्हा पणाला लागणार नाही’ असा नियम एका देशाने हरल्यानंतर लिहून घेतला.

त्या काळात आमच्या कराडलाही एक सभा भरली होती. १९७५ च्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गा भागवत व्यासपीठावरून आणीबाणीविरुद्ध बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या. त्यांनीच ‘व्यासपर्व’ लिहिलं होतं, त्यात द्रौपदीवर लेख आहे. तो लेख मुलींना वाचून दाखवताना मी प्रत्येक वेळी कराडचं हे सांगत असे. महाभारत वाचलेलं असणं म्हणजे काय, हे त्यांना त्यातून कळावं म्हणून.

आता खरा आक्षेप. पोट रिकामं असलेल्या माणसाला हक्कांची यादी वाचून दाखवणं बरं दिसतं का? आमच्या भागातले ऊसतोड मजूर विचारतील, बाई, आम्हाला आज काय? माझं उत्तर असं, की भूक ही त्या यादीबाहेरची नाहीच. नेत्याचे निर्णय दोन प्रकारचे असतात. काही चुकले तर पुढच्या पाच वर्षांत दुरुस्त होतात. कर वाढला तर कमी करता येतो, पूल रखडला तर पुन्हा बांधता येतो. काही चुकले तर गेलेलं परत येत नाही. जन्मापासून पहिली दोन वर्षं उपाशी राहिलेल्या लेकराची खुंटलेली वाढ नंतरच्या कुठल्याही योजनेने पूर्ण भरून निघत नाही. उपसून संपवलेलं खोल भूजल नातवाला मिळत नाही. दोन आळ्यांमध्ये एकदा रक्त सांडलं की सरकार बदलल्यावरही पोरं एकमेकांच्या घरी जेवायला जात नाहीत. आणि ज्या मताने नेता खाली उतरवता येतो, त्या मताचीच किंमत गेली तर बाकी काहीच दुरुस्त करता येत नाही. म्हणून परत न येणाऱ्या गोष्टी वर. मजुराच्या लेकराचं दूध त्यात पहिल्या रांगेत आहे.

धर्माचाही मुद्दा इथेच ठरतो. मी माळकरी घरातली. नेता माझ्या देवाला मानतो का, हे मी बघत नाही, कारण माझा विठोबा कुणाच्या निवडून येण्यावर उभा नाही. मी एवढंच बघते, की माझ्या देवाचं नाव घेऊन तो शेजाऱ्याचा जीव आणि अब्रू डावावर ठेवतो का. धर्माच्या नावाने मत मागणं १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने भ्रष्ट आचार ठरवलं आहे. पण कायदा नसता तरी भक्ताला हे कळायला हवं होतं.

काही गोष्टी मात्र नेत्याला पणाला लावाव्याच लागतात, हे मी नाकारत नाही. सातारा तालुक्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, तिथल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं सैन्यात गेली आहेत. युद्धाचा निर्णय घेणारा त्यांचे प्राणच डावावर ठेवत असतो. कोयनेचं धरण झालं, महाराष्ट्राला वीज मिळाली, आणि त्यासाठी उठलेल्या गावांतली मुलं माझ्या वर्गात होती. त्यांच्या आजोबांच्या जमिनीचा प्रश्न नातवंडांपर्यंत चालत आला. धरण नको होतं असं मी म्हणणार नाही. पण ज्याचं लावलं त्याला विचारलं का, आणि हरलं तेव्हा त्याच्यासमोर उभं राहून हिशेब दिला का, एवढं तरी विचारलं पाहिजे. जो नेता प्रश्न विचारणाऱ्याला शत्रू समजतो, त्याच्या हाती मोठा पण द्यायचा नाही, तो कितीही कर्तबगार असो.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. पंतप्रधानाला आपण थेट मत देतच नाही. आपण खासदार निवडतो, म्हणजे सभेत बसणारा माणूस निवडतो. भीष्म निवडतो की विकर्ण, हे आपल्या हातात असतं. १९८५ च्या पक्षांतरबंदीने पक्षादेशाविरुद्ध मत देणं खासदाराला महाग केलं आहे, हे खरं. पण आदेश निघण्याआधी पक्षाच्या बैठकीत आणि सभागृहात बोलायला ताठ कणा लागतो, आणि तो असलेली माणसं प्रत्येक पक्षात असतात. उमेदवार दारात आला की मी त्याला त्याच्या नेत्याबद्दल विचारते, तुमचे साहेब चुकीचं काही करायला निघाले तर कशासाठी तुम्ही त्यांच्यासमोर उभे राहाल? बहुतेक जण विकासाकडे वळतात. एखादा थांबतो, विचार करतो, आणि एका गोष्टीचं नाव घेतो. त्याचा पक्ष कोणता, हे मी त्यानंतर बघते.

इंद्रप्रस्थाच्या रयतेला प्रश्न विचारायची सोय नव्हती. आपल्याला ती आहे, आणि ती मिळवायला माणसांनी तुरुंग भोगले आहेत. तेव्हा रांगेत उभं राहताना उसाच्या दराचा, नोकरीचा, रस्त्याचा विचार जरूर करावा; पण त्याआधी द्रौपदीचा प्रश्न करावा, की जे तुमचं नाही ते तुम्ही लावणार नाही ना? याचं सरळ उत्तर ज्याच्याकडे नाही, त्याचा बाकीचा जाहीरनामा वाचायची गरज नाही.